उनतीस लिहा

चौकोनाच्या वहीत लाल गोल फार उठून दिसतो. पहिलीतल्या मुलाच्या वहीत तर जास्तच, कारण बाकी सगळं पेन्सिलचं करडं असतं, खोडून खोडून कागद पातळ झालेल्या जागा पांढुरक्या असतात, आणि पानांच्या बेचक्यात रबराची काळी भुकटी साचलेली असते. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका घरात, शेव-पोह्यांच्या रिकाम्या बशीशेजारी, अशी एक वही उघडी पडली होती. शुक्रवारचा संख्यांचा श्रुतलेख. मॅडमनी दहा संख्या हिंदीतून उच्चारायच्या, मुलांनी त्या आकड्यांत लिहायच्या. नऊ बरोबर होत्या. दहावीवर लाल गोल. मॅडम म्हणाल्या होत्या ‘उनतीस’, आणि वहीत होतं ३९. खाली शिरस्त्याप्रमाणे २९ पाच वेळा लिहून काढायला सांगितलं होतं, तेही झालं होतं. पाचही २९ सुबक, चौकोनात नीट बसलेले. प्रकरण इथेच मिटायचं. पण आजीनं सहज म्हणून विचारलं, “आता एकोणतीस लिही पाहू.” मुलानं पेन्सिल उचलली आणि जराही न अडखळता पुन्हा ३९ लिहिलं.

“अरे, आत्ताच पाचदा लिहिलंस ना?”

“ते मॅडमनी सांगितलं म्हणून. एकोणीसमध्ये एकोण म्हणजे नऊ असतं ना, आजी? आणि तीस म्हणजे तीन. मग?”

हा ‘मग?’ डोक्यातून जात नाही. मुलाची चूक नेमकी कुठे झाली, हे शोधायला गेलं तर ती सापडतच नाही. पंचवीसमध्ये आधी पाच ऐकू येतात, मग वीस, लिहायचं २५. एकतीसमध्ये आधी एक, मग तीस, लिहायचं ३१. त्यानं ऐकून ऐकून स्वतःच नियम काढला: शब्दाचा आधीचा तुकडा एककाचा, नंतरचा दशकाचा. हा नियम त्याला कुणी शिकवलेला नाही. एकोणीसात नऊ असतात हे पाठ होतं, तेव्हा ‘एकोण’ म्हणजे नऊ. नियम लावला, ३९ आलं. शेजारच्या बाकावरच्या ज्या मुलानं २९ लिहिलं, त्यानं बहुधा नुसतं पाठ केलेलं उतरवलं असेल. गंमत अशी, की ज्याच्या डोक्यात जास्त गणित चाललं होतं त्यालाच लाल गोल मिळाला.

शाळेची आठवड्याची यादी रविवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येते. हिंदीत, जरा वाकडा काढलेला फोटो, कोपऱ्यात मॅडमच्या अंगठ्याची सावली. गणित: संख्या २१ से ३०. हिंदी: छोटी इ और बड़ी ई की मात्रा. परिवेश: मेरा परिवार, फोटो चिपकाकर लाएँ. शुक्रवार को श्रुतलेख. घरची माणसं ती यादी दहा सेकंदांत वाचतात, ‘एवढंच?’ म्हणतात आणि गोंदाची बाटली घरात आहे का ते बघतात. त्यात तो आठवडा गणपतीनंतरचा. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या झाँकीच्या रात्री सगळं शहर जागं असतं, दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा आणि उरलेला निम्मा पेंगलेला. म्हणजे पाच दिवसांचं काम जेमतेम चार दिवसांत. ‘संख्या २१ से ३०’ ही ओळ पहिलीच्या वर्षातली सगळ्यांत अवघड ओळ आहे असं माझं मत आहे, आणि ती नेमकी अशा पेंगलेल्या आठवड्यात उरकली जाते.

वीसपर्यंतच्या संख्या मुलं गाण्यासारख्या म्हणतात. एकवीसपासून पहिल्यांदा त्यांना कळायला हवं की २ हा आकडा आता दोन नाही, दोन दहांचे गठ्ठे आहे. हे सांगून कळत नाही, बांधून कळतं. काड्या घ्याव्या लागतात, आईस्क्रीमच्या चालतात, खराट्याच्या बोटभर तोडलेल्याही चालतात, फक्त सगळ्या सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर मुलं लांब काडीला मोठी संख्या समजतात. दोन मुलांत मिळून चाळीस काड्या आणि चार रबरं पुरतात. पातळ रबर सहा वर्षांच्या बोटांना आवरत नाही, तुटतं किंवा डोळ्यापाशी उडतं. लोकरीचा तुकडा बरा. इथे सगळ्यांत जास्त होणारी गफलत म्हणजे बाईच घरून गठ्ठे बांधून आणतात. वेळ वाचतो, पण मुलाला त्या गठ्ठ्यात दहाच आहेत यावर विश्वास बसत नाही. तो दरवेळी सोडून मोजतो, आणि त्याचं बरोबरच आहे. स्वतः दहा मोजून, स्वतः बांधून, बाजूला ठेवून, पुन्हा दहा मोजून बांधले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी तो गठ्ठा न सोडता ‘दहा, वीस, एकवीस, बावीस’ असं मोजायला लागतो. ते पाहण्यासारखं असतं. बोट गठ्ठ्यावर एकदाच टेकतं आणि पुढे सरकतं.

मग येतात संख्यांच्या पट्ट्या. २० लिहिलेली एक रुंद पट्टी, ९ लिहिलेली तिच्या निम्म्या रुंदीची, आणि ९ ची पट्टी २० मधल्या शून्यावर ठेवायची: खाली शून्य लपलंय, वर २९ दिसतंय. या पट्ट्या घरी कापताना दोन्ही सारख्याच रुंदीच्या कापल्या की सगळा खेळ फसतो, आणि बहुतेक वेळा तसंच होतं. इंग्रजी माध्यमातली मुलं ‘ट्वेंटी-नाइन’ ऐकून २०९ लिहितात, कारण त्यांना वीस आधी ऐकू येतात आणि मग नऊ. त्यांच्यासाठी हा शून्य झाकण्याचा खेळ औषधासारखा. हिंदी-मराठी कानांची चूक वेगळी असते. त्यांना एकक आधी ऐकू येतो, म्हणून ती पंचवीसचे ५२ करतात. पुढे शंभराच्या वर गेल्यावर मात्र तीही एकशे पाचचे १००५ लिहून त्यांच्याच पंगतीला बसतात. कुठल्या मुलानं काय चुकवलं हे पाहिलं तर तो घरी कुठल्या भाषेत मोजतो ते ओळखता येतं.

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं, तेव्हा इथेही मराठी वाहिन्यांवर ती भांडणं चवीनं पाहिली गेली. बालभारतीच्या गणित समितीवरच्या गणितज्ञ मंगला नारळीकरांचं म्हणणं असं होतं की जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट क्रमानं बोलली जाणारी नावं मुलांना अडवतात, दाक्षिणात्य भाषांत दशक आधी येतो तसा इथेही यावा. टिंगल झाली, विनोद झाले. या वहीतला ३९ पाहताना ते म्हणणं टिंगलीचं नव्हतं हे पटतं. ‘वीस नऊ’ ऐकणाऱ्या मुलाकडून ही चूक झालीच नसती. तरीही ‘एकोण’ टाकून द्यावंसं वाटत नाही. त्यात एक वजाबाकी लपली आहे. एक ऊन, म्हणजे एक कमी. तीसला एक कमी. हिंदीच्या उनतीसमधला ‘उन’ही तोच. ‘उणे’ हा शब्द मुलाला पुढे गणिताच्या चिन्हासाठी शिकवला जातो, तेव्हा कुणी मागे वळून सांगत नाही की बाळा, हा तुला पहिलीतच भेटला होता.

हिंदीच्या ओळीत ‘छोटी इ की मात्रा’ असं लिहिलं होतं. आता हा ‘मात्रा’ शब्द इंदूरच्या मराठी घरात रोज संध्याकाळी घोळ घालतो. हिंदीत स्वराचं कुठलंही चिन्ह म्हणजे मात्रा: आ की मात्रा, इ की मात्रा, उ की मात्रा. मराठीत मात्रा एकच, डोक्यावरची. बाकी काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार. आजी ज्या चालीवर शिकली ती अशी: क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, क ला दुसरी वेलांटी की, पुढे काना-मात्रा को, काना-दोन मात्रे कौ. ती “ल ला मात्रा दे” म्हणाली की मुलगा पेन्सिल हवेत धरून विचारतो, “कुठली?” तिला वाटतं त्याला येत नाही. त्याला वाटतं तिनं प्रश्न अर्धाच विचारला. दोघंही आपापल्या शाळेप्रमाणे बरोबर असतात. मराठी नावं चिन्ह कसं दिसतं ते सांगतात, हिंदी नावं ते कसं वाजतं ते सांगतात. लिहायला शिकवताना वेलांटी बरी, वाचायला शिकवताना ‘इ की मात्रा’ बरी. दोन्ही कानावर पडली तर मुलाचा फायदाच आहे, फक्त एका संध्याकाळी एकच चालू ठेवावी.

या ऱ्हस्व वेलांटीची एक खोड आहे. बोलताना ती अक्षरानंतर येते, लिहिताना अक्षराच्या आधी. ‘दिन’ म्हणताना आधी द् वाजतो, मग इ; कागदावर मात्र दांडी आधी उभी राहते. म्हणून मुलं वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटवतात आणि ‘दिन’चा ‘दनि’ होतो, ‘तितली’ची ‘ततिली’. वरून काही वर्गांत चौकोनाच्या वहीतच अक्षरं काढायला लावतात आणि वेलांटीला वेगळा चौकोन देतात. मग ती मुलाला वेगळं अक्षरच वाटायला लागते. यावर उपाय जुनाच आहे. आधी अक्षर काढायचं, पण त्याच्या डावीकडे एक बोट जागा सोडून; मग उच्चार लांबवत त्या जागेत दांडी ओढायची आणि तिचं टोक अक्षराच्या डोक्यावरून वळवायचं. बोट ठेवल्याशिवाय जागा सुटत नाही. जागा सुटली नाही की दांडी मागच्या अक्षराच्या पोटात शिरते.

त्याच आठवड्याच्या तक्त्यावर ‘चिड़िया’ होती. मराठी घरातलं मूल तिला ‘चिडिया’ लिहितं, खालचं टिंब विसरतं, आणि घरी तपासणाऱ्या आईच्याही ते लक्षात येत नाही, कारण तिच्या भाषेत ते टिंबच नाही. शाळेत अर्धा गुण जातो. घर म्हणतं, एवढ्याशा टिंबासाठी? पण हिंदीत ‘ड’ आणि ‘ड़’ हे जिभेचे दोन निराळे झटके आहेत. ‘सड़क’मधला ड़ जिभेचं टोक टाळूला चाटून खाली आपटतो. ऐकवला तर मुलाला तो लगेच येतो. वाचनातही असंच. हिंदीत ‘वह’ लिहितात आणि ‘वो’ वाचतात, ‘बहन’ म्हणताना ब चा बे करतात. घरात मराठी बोलणारं मूल प्रामाणिकपणे ‘व-ह’ वाचतं आणि वर्ग हसतो. उलट बाजूनं, आजीनं पुण्याहून आणलेल्या गोष्टीच्या पुस्तकात त्याला ‘ल’ आणि ‘श’ ओळखू येत नाहीत, कारण मराठी छपाईत त्यांची वळणं निराळी. ‘ळ’ तर शाळेच्या वर्णमालेत नाहीच. खरं तर या शहराच्या मूळच्या माळवीत ळ ठणठणीत आहे, दूधवाल्याच्या तोंडी रोज सकाळी ऐकू येतो. फक्त तक्त्यावर त्याला जागा नाही.

ग म भ न पासून सुरुवात करायची जुनी मराठी रीत आकारावरून ठरली होती. एका वळणाची अक्षरं एकदम, म्हणजे हाताला सवय लागते. त्यातली अडचण अशी की म आणि भ शेजारी शेजारी येतात आणि कायमचे एकमेकांत मिसळतात. हे मिसळणं डोळ्यांचं कमी आणि रेघेचं जास्त आहे. भ ची शिरोरेघ मध्ये तुटलेली असते, ध ची पण. मूल आधी सगळी अक्षरं काढतं आणि शेवटी पूर्ण शब्दावर एकाच झटक्यात, जीभ बाहेर काढून, लांबलचक रेघ ओढतं. त्या एका रेघेखाली ‘भात’चा ‘मात’ होतो आणि ‘धन’चा ‘घन’. श्रुतलेखात असा शब्द चुकला तर मुलाला विचारावं, रेघ कधी ओढलीस? पुष्कळदा अक्षर त्यानं बरोबरच काढलेलं असतं, वरच्या रेघेनं ते बिघडवलेलं असतं. खजूरी बाजारात ठिपक्यांवरून गिरवायच्या वह्या ढिगानं मिळतात, त्यांचा इथे काही उपयोग नाही. ठिपक्यांवर रेघ आधीच तुटलेली असते, मुलाला ती तोडायचा निर्णय घ्यावाच लागत नाही.

‘मेरा परिवार’ या ओळीबद्दल फार लिहायला नको, ती करमणुकीची आहे. छापील झाडावर ‘दादा’ असं लिहिलेल्या चौकटीत आजोबांचा फोटो हवा होता; मुलानं आठवीतल्या मोठ्या भावाचा चिकटवला. ‘ताई’च्या चौकटीत, म्हणजे हिंदीतल्या मोठ्या काकूच्या जागी, चुलत बहीण दोन वेण्या घालून बसली. त्याच्या घरात तीच दादा-ताई आहेत. दादी आणि नानी या दोन चौकटींत काय करायचं हाही प्रश्नच, कारण दोघीही आजी. एक राजेंद्र नगरची आजी, एक रामबागची. मराठीत त्यांना गावावरून नाहीतर घरावरून ओळखतात. भाषेचे असे खड्डे पहिली-दुसरीत पावलोपावली. ‘कॉपी’ म्हणजे वही, ‘कॉपी करणं’ म्हणजे चोरून लिहिणं. ‘अभ्यास’ हे धड्याच्या शेवटी प्रश्नांच्या वर येणारं शीर्षक आणि घरी अख्ख्या संध्याकाळचं नाव. आणि ‘शिक्षा का अधिकार’ ही शाळेच्या भिंतीवरची पाटी पहिल्यांदा वाचणारा मराठी आजोबा क्षणभर थबकतोच, मारण्याचा अधिकार? हा विनोद इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, तरी प्रत्येक नव्या आजोबाला तो ताजा वाटतो.

मुलांचं मात्र या खड्ड्यांनी फारसं अडत नाही. ती लवकर शिकतात की शाळेतला दादा वेगळा. अडतं ते मोठ्यांच्या गृहीत धरण्यानं. नव्या शिक्षण धोरणात, २०२० च्या, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. इंदूरच्या मराठी मुलाच्या प्रवेश अर्जावर मातृभाषेच्या रकान्यात कधी मराठी लिहिलं जातं, कधी हिंदी, आणि वर्गात त्यानं फरक काहीच पडत नाही. तो ‘माझी पुस्तक हरवली’ म्हणतो, कारण हिंदीत पुस्तक मुलगी आहे. आणि ‘मी लिहून राहिलोय’ म्हणतो, कारण सगळी गल्ली ‘लिख रहा हूँ’ म्हणते. आजी पुस्तक नपुंसकलिंगी आहे म्हणून सुधारते. आईला ते कानाला खटकतही नाही.

सरकारी बाजूनं आठवड्याच्या या ओळींच्या मागे मोठे आकडे उभे आहेत. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारतमध्ये, म्हणजे लहान वर्गांच्या वाचन-गणिताच्या केंद्र सरकारी मोहिमेत, ज्याला मध्य प्रदेशात मिशन अंकुर म्हणतात, पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, दुसरीअखेर ९९९ पर्यंत आणि ९९ पर्यंतची वजाबाकी. वाचनात दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत निदान ६०. ही उद्दिष्टं वाईट नाहीत. त्यातलं मिनिटाचं माप तेवढं जपून वापरावं लागतं, कारण घड्याळ लावलं की मुलं धावतात. मांजर दूध प्यायलं हे पन्नास शब्दांच्या वेगानं वाचून काढणाऱ्याला, दूध कुणी प्यायलं विचारलं तर तो पुन्हा पहिल्या ओळीपासून धावायला लागतो. वेग मोजून झाल्यावर एकच साधा प्रश्न विचारावा, उत्तर पुस्तकात बोट ठेवून दाखवू द्यावं. ज्याचं बोट बरोबर ओळीवर जातं, तो हळू वाचत असला तरी काळजी नको.

दुसरीत गेल्यावर आठवड्याच्या यादीत ‘हासिल’ आणि ‘उधार’ येतात. घरी त्याला हातचा म्हणतात. ‘हातचा एक’ हा शब्द अगदी शरीरातून आलेला, बोट मुडपून धरलेला. ४२ मधून १७ वजा करा म्हटलं की वर्गातली कितीतरी मुलं ३५ लिहितात. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. त्यांना कधीतरी कुणीतरी सांगितलेलं असतं, मोठ्यातून लहान वजा करायचा. त्यांनी प्रत्येक घरात तेच इमानदारीनं केलं. पुन्हा तेच, नियम पाळल्याची चूक. इथेही गठ्ठेच कामाला येतात: चार गठ्ठे, दोन सुट्या, सात द्यायच्या आहेत, सुट्या पुरत नाहीत, एक गठ्ठा सोडा. लोकरीची गाठ सोडतानाच मुलाला कळतं की उसनं घेणं म्हणजे शेजाऱ्याकडून घेणं नाही, आपल्याच घरातली नोट मोडणं आहे. पाढ्यांतही दोन चाली शेजारी नांदतात. शाळेत ‘दो एकम दो, दो दूनी चार, दो तिया छह’, घरी ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा’. आधी दोन, पाच, दहाचे पाढे घेतात, कारण पाचाच्या पाढ्यात शेवटी पाच आणि शून्य आलटून पालटून येतात आणि घड्याळाच्या काट्याशी त्याची गाठ पडते. कुठली चाल पाठ करावी यावर घरात वाद होतो, पण दोन्ही अर्धवट पाठ असणं हेच खरं वाईट. सहाव्या पायरीवर ‘छक्के’ आणि ‘सक’ यांच्यात पाय अडकतो आणि मुलगा थांबतो, आणि थांबला की आपण समजतो त्याला गुणाकार येत नाही.

स्वयंपाकघरातल्या मराठी दिनदर्शिकेवरचे आकडे हा आणखी एक घाट. शाळेत गणित आंतरराष्ट्रीय अंकांत, भिंतीवर तारखा देवनागरीत. मुलाला १ हा नऊ दिसतो, ४ हा आठ, ५ म्हणजे शेपूट फुटलेला चार. चौदा तारखेला त्यानं अठ्ठ्याण्णव वाचलं तर तो काही चुकत नाही, दुसऱ्याच लिपीत बरोबर वाचतोय. आजीनं यावर चांगला मार्ग काढला. रोज सकाळी दुधाचा हिशेब लिहिताना ती त्यालाच विचारायची, आज कुठला आकडा? आणि त्यानं शाळेचा आकडा सांगायचा, तिनं तिचा लिहायचा. शेजारी शेजारी, एकाच चौकटीत.

त्या ३९ चंही असंच मिटलं. खराट्याच्या काड्या आणि गजऱ्याच्या दोऱ्याचे तुकडे घेऊन आजी फरशीवर बसली. दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. “तीन गठ्ठे व्हायला किती कमी पडतात?” मुलानं पाहिलं. एक. “म्हणून एकोणतीस. तीस व्हायला एक उणा.” तो बराच वेळ काड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आणि उनतीस?” तेच. “आणि एकोणीस पण?” तेही, वीस व्हायला एक उणा, फक्त त्यातला वीस आता झिजून गेलाय. पुढे त्याला कुणी काही विचारलं नाही. तो आपणच एकेक गठ्ठा वाढवत निघाला, काड्या संपल्या तेव्हा बोटांवर: एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. एकोणनव्वद. हिंदीत इथेच ‘नवासी’ म्हणून चाल मोडते, मराठीत एक घर पुढे टिकते. आजी ओठांतल्या ओठांत बरोबर म्हणत होती.

“एकोणशंभर,” तो म्हणाला.

आजीचं ‘नव्व्याण्णव’ तोंडातच राहिलं. त्यानं तोवर पेन्सिल घेतली होती, आणि वहीतल्या पाच सुबक २९ च्या खाली, चौकोन सोडून जरा बाहेर, ९९ लिहिलं होतं.